राहणाऱ्याचा हक्क

१

चिमणीच्या आईचा दिवस साबणापासून सुरू व्हायचा. सगळ्यांच्या आधी उठायचं, खिडक्या उघडायच्या, आंघोळ उरकायची आणि देवापुढे दिवा लावून डोळे मिटायचे, हा तिचा लग्नापासूनचा नेम. भाड्याच्या घरांतून बिऱ्हाड कितीदा हललं, पण नेम हलला नाही. तेव्हा नव्या घरात, स्वतःच्या घरात, एका सकाळी साबण हातात घेतला आणि तो आधीच ओला लागला, तर त्यात दचकण्यासारखं काय होतं?

"नळ गळत असेल," ती स्वतःशीच म्हणाली.

नळ गळत नव्हता. दुसऱ्या दिवशी तिने साबण लांब, खिडकीच्या कठड्यावर ठेवून पाहिला. सकाळी तो कठड्यावरच होता, पण निसरडा, आणि वर फेसाचे चार बुडबुडे अजून फुटायचे राहिलेले.

"अहो, तुम्ही माझ्याआधी उठून आंघोळ करता का हल्ली?"

तिचा नवरा चष्मेवाला. बाजारात त्याचं छोटं दुकान, भिंगं घासायची आणि फ्रेममध्ये बसवायची. त्याने पांघरुणातून एक डोळा उघडला. "मी? मी पहाटे उठलो तर पेपरात बातमी येईल. तुझ्या लेकीला विचार."

लेक कॉलेजात जाणारी, अंगाने काडी म्हणून सगळे तिला चिमणी म्हणत. ती तर आईने पाण्याचा हात तोंडावरून फिरवल्याशिवाय उठायची नाही.

मग हवा दमट असेल. चिमणीच्या आईने मनाची समजूत घातली. ती तशी समजूत लवकर पटणारी बाई होती, आणि घर फार दिवसांनी मिळालं होतं. बाहेरची खोली, स्वयंपाकघर, झोपायच्या दोन खोल्या, बोळातून पुढे न्हाणीघर आणि बोळाच्या टोकाला मागची खोली. तिची खिडकी शेजारच्या इमारतीच्या भिंतीवर उघडायची, म्हणून तिथे नुसत्या पेट्या ठेवल्या होत्या. आधीच्या मालकीणबाई एक लाकडी खुर्ची तेवढी मागे सोडून गेल्या होत्या. खुर्चीचं तोंड भिंतीकडे. केर काढताना चिमणीची आई ती दाराकडे वळवायची, आणि दुसऱ्या दिवशी केर काढायला गेली की पुन्हा वळवायची.

कितीतरी दिवस तिच्या लक्षातच आलं नाही, की आपण रोज तीच खुर्ची वळवतो आहोत.

२

घराच्या कागदावर सह्या झाल्या त्या दिवशी तिचं मौन होतं.

नवसच होता तसा. स्वतःचं घर होईपर्यंत आठवड्यातला एक दिवस, उजाडल्यापासून मावळेपर्यंत, तोंडातून शब्द काढायचा नाही. लिहूनही बोलायचं नाही, कारण तसं केलं तर ती देवाची फसवणूक, असा तिचाच कडक नियम. चष्मेवाला थट्टा करायचा, "देवा, हिचा नवस एवढ्यात ऐकू नकोस. तो एक दिवस मला शांत जेवू दे."

घर विकणाऱ्या बाई त्याच्याच गिऱ्हाईक. वाचायचा चष्मा करायला आल्या आणि बोलता बोलता घराचा विषय निघाला. साखरेत घोळल्यासारखं बोलणं, आणि किंमत या लोकांच्या आवाक्यातली. चिमणीच्या मामाने, म्हणजे आईच्या पाठच्या भावाने, बजावलं होतं, "भावोजी, कागद आधी वकिलाला दाखवा. बाई गोड आहे म्हणून कागद गोड असेलच असं नाही."

"अरे, बाई देवमाणूस आहे. मध्ये वकील घातला तर त्यांना वाटेल आपण संशय घेतो. बरं दिसतं का ते?"

"भीड ही भिकेची बहीण असते, भावोजी."

"आणि तू तिचा भाऊ का?" चष्मेवाला हसला होता, आणि विषय तिथेच संपला होता.

दिवस बाईंनीच ठरवला. "तुमच्या मिसेसचा मौनाचा वार तोच ना? मग तोच घेऊ. पवित्र दिवस." त्यांना मौनाचं कोणी सांगितलं, हा प्रश्नच नव्हता. चष्मेवाला दुकानात बसून काय काय बोलायचा, ते अख्ख्या बाजाराला ठाऊक असे.

बाईंनी कागद स्वतःच वाचून दाखवला, एका दमात. नळ, खिडक्या, विजेचं मीटर, गच्चीचा वापर, आणि त्याच ओघात, "मागच्या खोलीत राहणाऱ्याचा हक्क पूर्वीप्रमाणे चालू राहील, त्यास घेणारे हरकत घेणार नाहीत," आणि पुढे गटाराची दुरुस्ती.

राहणाऱ्याचा? चिमणीच्या आईचं बोट आपोआप वर गेलं.

बाई थांबल्या. चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. "काही विचारायचंय?"

"तिचं मौन आहे आज," चष्मेवाला घाईने म्हणाला. "अगं, रीतीचं असतं ते सगळं. सगळ्याच कागदांत असतं."

तिने कागदाकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं. घर दाराशी आलेलं. इतकी वर्षं पाळलेला नेम आता उंबऱ्यावर मोडायचा? ओठांशी आलेला शब्द तिने गिळला आणि बोट खाली घेतलं.

"छान," बाई म्हणाल्या. "हरकत नाही तर." कागदाची शेवटची ओळही तीच होती: वाचून दाखवलं, उपस्थितांपैकी कोणी हरकत घेतली नाही.

किल्ल्या देऊन बाई एक पिशवी घेऊन निघाल्या. दिलेल्या किल्ल्यांत मागच्या खोलीची तेवढी नव्हती. "तिला कुलूप नसतं," इतकंच म्हणाल्या. चिमणीची आई दारात उभी राहून पाहत होती. बाई रस्त्याने हळूहळू गेल्या, गुडघे दुखणाऱ्या माणसासारख्या. वळणावर त्यांनी एकदा मागे पाहिलं. मग त्या वयाच्या बाईंनी पिशवी छातीशी धरली आणि त्या पळत सुटल्या.

३

खुर्चीचं लक्षात आल्यावर बाकीचं आपोआप लक्षात येत गेलं. एखाद्या घरात उंदीर आहे हे कळलं की मग सगळीकडे कुरतडल्याच्या खुणा दिसतात, तसं.

ती देवापुढे डोळे मिटून बसली की न्हाणीघराची कडी हळूच निघायची. ओली पावलं बोळातून यायची. तिच्या मागे, दोन हातांवर, थांबायची. ती पुटपुटत असेपर्यंत थांबून राहायची, कुणी मान राखून उभं राहावं तशी. तिने हात जोडून कपाळाला लावले की मागच्या खोलीकडे निघून जायची.

तिने कधी वळून पाहिलं नाही. प्रार्थनेत वळून पाहू नये, असं ती स्वतःला सांगायची. खरं कारण तिला माहीत होतं.

बोळातल्या फरशीवर पावलं उमटलेली असायची, वाळायच्या बेतात. आपलीच असतील, म्हणून तिने शेजारी आपलं ओलं पाऊल टेकवून पाहिलं. ती अरुंद होती. आणि त्यांना टाच नव्हती. नुसता चवडा आणि बोटं. कुणाची झोपमोड होऊ नये म्हणून माणूस चालतं, तशी.

तिने नवऱ्याला सगळं सांगितलं. तो नेहमीसारखा हसला नाही, तेव्हा तिला कळलं की त्यानेही काहीतरी ऐकलंय. त्याच संध्याकाळी त्याने बाजारातून जाडजूड कुलूप आणलं, मागच्या खोलीला ठोकलं आणि किल्ली उशाखाली घेतली.

सकाळी कुलूप स्वयंपाकघरातल्या ओट्यावर होतं. उघडलेलं, शेजारी किल्ली, दोन्ही स्वच्छ धुऊन पालथी घातलेली, जेवून उठणाऱ्या शहाण्या पाहुण्याने आपलं ताट विसळून ठेवावं तशी.

"झोपेत तूच काढलं असशील," चष्मेवाला म्हणाला. "चालतात माणसं झोपेत. मी ऐकलंय."

"तुमच्या डोक्याखालून किल्ली काढून?"

त्याने किल्ली खिशात टाकली. मग म्हणाला, "चिमणीला सांगू नकोस."

"आई, मला काय सांगू नकोस?" चिमणी दात घासत दारात उभी होती. "आणि माझा टॉवेल रोज ओला कोण करतं गं?"

४

मामाच्या मुलीचं लग्न होतं. सगळे नटूनथटून निघाले, आणि दाराला कडी घालताना चिमणीच्या आईच्या मनात आलं, की या घरात आल्यापासून आपण तिघं एकत्र कधी बाहेर पडलोच नाही. कधी दुकानात माल यायचा होता, कधी आपलं डोकं दुखलं, कधी चिमणीची परीक्षा. कुणी ना कुणी मागे राहिलंच.

वळणावर चिमणी थांबली. "आई, आपलं दार कोण वाजवतंय?"

"कोण असणार? आपण तर इथे आहोत."

"नाही गं. आतून वाजवतंय."

एवढं बोलली आणि तिचा श्वास अडकला. डोळे विस्फारले, हात गळ्याशी गेले. चष्मेवाल्याने तिला धरलं. आई पाणी आणायला घराकडे धावली, कडी काढली, उंबरा ओलांडला, आणि मागून नवऱ्याची हाक आली, "अगं, सुटला! श्वास सुटला! ये!"

ती पाणी घेऊन बाहेर आली. पाऊल रस्त्यावर पडताच चिमणी पुन्हा वाकली. ओठ निळे.

ती मागे सरली. चिमणीने मोठा श्वास घेतला. तिने एक पाय बाहेर टाकला. चिमणी घुसमटली. पाय आत घेतला. रस्त्यावरून जाणारी माणसं थांबून पाहत होती. त्यांना दारातली बाई पायाने पाण्याचा अंदाज घेते आहे असंच वाटलं असेल.

"तुम्ही जा," ती शेवटी ओरडली. "उशीर होतोय. मी आहे घरात."

दार लावून ती आत वळली. मागच्या खोलीत खुर्ची करकरली, कुणी निवांत टेकून बसावं तशी.

त्या संध्याकाळी तिने देवापुढे पुन्हा शब्द दिला. चिमणीला सुखरूप ठेव. मी पुन्हा त्या वाराचं मौन धरीन, जन्मभर धरीन, आणि मोडलं तर तू तुझं रक्षण काढून घे.

५

मामा वकीलबाईंना घरीच घेऊन आला, बोलला मात्र काही नाही. 'मी सांगत होतो' असं न म्हणणारा भाऊ मिळायला भाग्य लागतं.

वकीलबाईंनी चहा बाजूला सारून कागद वाचला, ओळीखाली बोट ठेवत, लहान मुलं वाचतात तसा. मग पुन्हा पहिल्यापासून वाचला.

"सही कोणाच्या सांगण्यावरून केलीत?"

"कुणाच्याच नाही," चष्मेवाला म्हणाला.

"ते दिसतंच आहे. काका, जगाला वाचायचे चष्मे करून देता, एक स्वतःला का नाही केलात?" बोलल्यावर त्यांनाच वाईट वाटलं असावं. आवाज खाली आणला. "हे पाहा. मागच्या खोलीत राहणाऱ्याचा हक्क. खोलीला कुलूप लावायचं नाही. घेणाऱ्यांपैकी एकाने कायम घरात असायचं, घर रिकामं ठेवायचं नाही. घर पुढे विकलं तर हीच अट पुढच्यावर, आणि आधीचे मोकळे. हे सगळं तुम्हाला वाचून दाखवलं होतं?"

"नळाच्या आणि गटाराच्या मध्ये," चिमणीची आई म्हणाली.

"आधी आणला असता कागद, तर मी एकच सांगितलं असतं. ही ओळ काढा, नाहीतर उठा. एवढ्यासाठीच असतो हो आम्ही."

"आता काय करायचं?"

"लढायचं. बाईंना शोधू. त्यांनी पत्ता याच घराचा दिलाय, वेळ लागेल. आणि हा राहणारा. याचं नाव नाही, वय नाही, हक्क कधी संपणार ते नाही. दावा लावायला समोर माणूस लागतो." मागे खुर्ची करकरली. वकीलबाईंनी मान वर केली. "घरात आणखी कोण आहे?"

सगळ्यांनी बोळाकडे पाहिलं.

त्या उठून बोळात गेल्या. मागच्या खोलीच्या दाराशी थांबल्या, आत डोकावल्या. परत आल्या तेव्हा चेहऱ्यावर काही नव्हतं, पण त्यांनी चपला हातात घेतल्या आणि उंबऱ्याबाहेर जाऊन घातल्या. "दमट आहे खोली," म्हणाल्या.

"विकलं तर?" चष्मेवाल्याने हळूच विचारलं.

"अट त्यांनाही वाचून दाखवावी लागेल."

"समजावून सांगावी लागेल?"

वकीलबाई त्याच्याकडे बघत राहिल्या. "कागदात 'वाचून दाखवावी' एवढंच आहे, काका. पण तुम्ही माणूस आहात. कागद नाही."

६

तो मौनाचा वार होता. चिमणी कॉलेजला गेलेली. चष्मेवाला दुकान बंद करून भरदुपारी घरी आला आणि त्याच्याबरोबर एक तरुण जोडपं. मुलगा नव्या चष्म्यात डोळे मिचकावत होता. मुलीला दिवस गेलेले, पोट नुकतं दिसायला लागलेलं.

चिमणीच्या आईने नवऱ्याकडे पाहिलं. त्याने पाहिलं नाही. त्याने आजचाच वार का निवडला, हे तिला तेव्हा कळलं. तरी राग आला नाही. रात्र रात्र तो चिमणीच्या श्वासावर कान ठेवून बसायचा, ते तिने पाहिलं होतं.

"हिचं मौन असतं आज," तो म्हणाला. "बसा, बसा."

मुलीने भिंतीवरून हात फिरवला. "किती उजेड आहे ना इथे. इथे पाळणा मावेल."

"वकिलाला दाखवायचा का आधी कागद?" मुलाने उगाच विचारावं तसं विचारलं, आणि स्वतःच म्हणाला, "नको. काका देवमाणूस आहेत. आम्हाला तेवढी माणसं कळतात."

चष्मेवाला वाचू लागला. नळ, खिडक्या, मीटर, गच्ची. आवाज त्याचा होता, पण चाल त्या बाईंची. एका दमात, साखरेत घोळून. "मागच्या खोलीत राहणाऱ्याचा हक्क पूर्वीप्रमाणे..."

मुलीचं बोट वर गेलं. "राहणाऱ्याचा म्हणजे?"

"रीतीचं असतं ते सगळं." त्याच्या कपाळावर घाम होता.

मुलगी हसली, ओशाळून. मग चिमणीच्या आईकडे वळली. "काकू, तुम्हीच मानेने सांगा. घर चांगलं आहे ना? काही हरकत नाही ना?"

घर गप्प झालं. न्हाणीघरातलं ठिबकणं थांबलं. बोळाच्या टोकाला करकर नाही, पाऊल नाही. तिकडे कुणीतरी कान देऊन बसलंय, हे तिच्या पाठीला कळत होतं.

मान हलवायची, बस्स. चिमणी मोकळी. नवऱ्याची झोप मोकळी. आणि बोललं तर देवाला दिलेला शब्द मोडला, तोही लेकीच्या नावाने दिलेला. तिने त्या मुलीच्या पोटाकडे पाहिलं. तिथेही एक चिमणीच होती. देवा, तिने मनात म्हटलं, गप्प राहून केलेलं पाप तुला मौन म्हणून वाहू कशी?

"पोरी, सही करू नकोस," ती म्हणाली. दिवसभर न वापरलेला आवाज घोगरा निघाला. "कागद आधी वकिलाकडे ने. आणि वकिलाने विचारलं, तिथे राहतं कोण, तर सांग, त्या घरच्या बाईनेच कबूल केलंय. राहतं. कोणीतरी राहतं."

मुलाने कागदावर टेकवलेलं पेन उचललं. मुलीने त्याचा दंड धरला. निरोप न घेताच दोघं गेली.

चष्मेवाला भिंतीला टेकून खाली बसला. "काय केलंस हे? आपल्या चिमणीचं काय?"

"कॉलेजातून येऊ दे तिला."

दाराची कडी वाजेपर्यंतचा तो वेळ तिने कसा काढला, ते तिचं तिला ठाऊक. चिमणी आली, धापा टाकत, कारण बस चुकल्यामुळे पळत आली होती. एवढंच. आईने तिला इतकं घट्ट धरलं की ती ओरडली, "अगं आई, श्वास कोंडतोय!" आणि मग आई का रडतेय, तेच तिला कळेना.

७

दोघांना तिने मामाकडे पाठवून दिलं. चष्मेवाला उंबऱ्यावर अडून बसला होता. "मी राहतो, तू जा."

"तुम्हाला चहा करता येत नाही. राहणार काय?" ती म्हणाली. "आणि माझा नेम आहे इथे. जा. वकीलबाई शोधतायत त्या बाईला. सापडेल. मी काही जन्मठेपेवर नाही."

चिमणी रोज कॉलेजला जाता जाता फाटकाशी येते, आत यायची बंदी म्हणून तिथूनच ओरडून सगळं सांगते. वकीलबाईंचा निरोप असतो: अमुक गावी तशी एक बाई पाहिली म्हणतात. तमुक कचेरीत अर्ज दिलाय. होईल. चिमणीच्या आईला खरंच वाटतं, होईल. तिला मनाची समजूत लवकर पटते.

ती आता आणखी लवकर उठते. आणि एका सकाळी साबण हातात घेतला तर तो कोरडा होता.

तिने तो उलटा करून पाहिला. खडखडीत. आनंदाने तिला हसूच आलं. गेलं वाटतं. देवाने ऐकलं. तिने भरभरून आंघोळ केली, साडी गुंडाळली, आणि दिवा लावायला निघाली.

मागच्या खोलीच्या दाराशी पोचल्यावर तिच्या लक्षात आलं, की देव्हारा या बाजूला नाही.

दार उघडं होतं. खुर्ची दाराकडे तोंड करून होती. रिकामी, पुसलेली, कुणी जागा करून ठेवावी तशी. खिडकीसमोरच्या भिंतीवर मात्र, खुर्चीच्या मागे, माणसाच्या उंचीइतका एक ओलसर डाग होता, आणि तो हळूच बाजूला सरला, जाणाऱ्याला वाट द्यावी तसा.

तिने मागे पाहिलं. न्हाणीघरापासून इथपर्यंत ओल्या पावलांची ओळ आली होती. तिचीच. दुसरं कोण होतं घरात? पावलं अरुंद होती. एकाही पावलाला टाच नव्हती.

किती दिवस आपण अशा चालतोय? आणि कुणाची झोपमोड होईल म्हणून?

"आई!" फाटकाशी कडी वाजली. "आई, आहेस ना?"

चवड्यांवर उभ्या असलेल्या चिमणीच्या आईने दाराची चौकट धरली. एक टाच खाली टेकवली. जड गेली, दुसऱ्याच कुणाची असावी तशी. मग दुसरी.

"आहे गं!" ती सगळ्या घराला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने ओरडली. "आले!"

आणि पाय आपटत आपटत ती बाहेरच्या खोलीकडे निघाली. मागे फरशीवर टाचा उमटताहेत की नाही, ते मात्र तिने वळून पाहिलं नाही.